तुले काय समजस रे भो: कमेंटच्या वादात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कापसाचा आजचा भाव बघायला म्हणून फोन उघडलेला माणूस अर्ध्या तासाने चोपड्याकडच्या कोण्या अनोळखी माणसाची अक्कल काढत बसलेला असतो. मधे काय घडलं असं विचारलं तर त्यालाही धड सांगता येत नाही. आत्तापर्यंत नुसतं वाचत होतात आणि आता कुठे कमेंट करायला लागलात, अशांसाठी हे लिहितोय. त्यात निवृत्त गुरुजी आले, कॉलेजात नुकती गेलेली मुलगी आली, केळीचे भाव बघणारा शेतकरी आला आणि स्वतःचं पेज चालवणारा दुकानदारही आला.

"कमेंट वाचूच नका" असं मी म्हणणार नाही. कोणत्या केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग किती आहे, कोणत्या कंपनीच्या बियाण्याची उगवण कमी झाली, हे पेपरात यायच्या आधी कमेंटमध्ये येतं. तेवढ्यासाठी तिथे थांबावं लागतंच. फक्त थांबायचं कसं, ते बघू.

१. आधी पोस्ट टाकणाऱ्याकडे बघा

"टोमॅटो घालतात त्याला भरीत म्हणायचं का?" "धुळे भारी की जळगाव?" "मालेगाव खान्देशात येतं का, हो की नाही?" असल्या पोस्टना उत्तर नको असतं, गर्दी हवी असते. फेसबुकने २०१७ पासून काही वर्षं इमोजीवाल्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं आणि त्यात संतापाचा लाल चेहराही होता. त्या चेहऱ्याचं वजन २०२० मध्ये शून्यावर आणलं गेलं. पण ज्या पोस्टखाली कमेंट जास्त, ती आणखी लोकांपुढे जाते, हे गणित काही बदललेलं नाही. म्हणजे "काय फालतू पोस्ट आहे" असं तुम्ही चिडून लिहिलंत, तरी गाडीला धक्का तुम्हीच दिला.

म्हणून लिहायच्या आधी त्या पेजवर जाऊन मागच्या आठ-दहा पोस्ट चाळा. सगळ्याच 'हे की ते' छापाच्या असतील तर तिथे माहिती देण्यात अर्थ नाही. वाटलंच तर गंमत म्हणून एखादी ओळ लिहा आणि पुढे सरका. भरिताच्या वादात मात्र मी हटकून तोंड घालतो. तिथे कोणाचं वाईट होत नाही आणि दर वेळी कोणीतरी "आमच्या भरिताला जीआय मिळालाय" असं छातीठोकपणे लिहितोच. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते जळगावच्या भरिताच्या वांग्याला. कपाशीच्या काड्यांवर ते भाजून पुढे त्यात तुम्ही काय घालता, त्यावर सरकारने काही म्हटलेलं नाही.

२. गाव विचारू नका, आडनाव तर नाहीच

जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसलं की शेजाऱ्याला आपला पहिला प्रश्न असतो, "कोणतं गाव?" मग "कोणाकडले?" पारोळा येईपर्यंत त्याची मावशी आपल्या भावकीत दिलेली निघते आणि त्याच्या पिशवीतले शेंगदाणे आपल्या हातात आलेले असतात. ओळख काढायची ही आपली जुनी, चांगली सवय आहे.

कमेंटमध्ये हाच प्रश्न उलटा पडतो. तावातावाच्या वादात "गाव कोणतं तुझं?" लिहिलं की समोरचा ते "घरी येऊ का?" असं वाचतो. "पूर्ण नाव सांग" म्हटलं की जात हुडकतोय असं वाचतो, आणि बहुतेक वेळा त्याचं खरंही असतं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसलं, तरी ते दाखवायला तिथे ना चेहरा, ना आवाज. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर लिहिलं. माणसं तोंडावर कधी बोलणार नाहीत ते पडद्यावर का लिहून जातात, याची त्याने कारणं मांडली. आपण कोण हे कळत नाही, समोरचा दिसत नाही आणि उत्तर लगेच झेलावं लागत नाही, ही त्यातली मोठी.

पण त्यातलं पहिलं कारण, आपण कोण हे न कळणं, आपल्याकडे अर्धंच लागू पडतं. दिल्ली-मुंबईच्या पेजवर अनोळखी म्हणजे खरोखरच अनोळखी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पेजवरचा अनोळखी म्हणजे ज्याच्याशी ओळख व्हायची राहिली आहे, एवढंच. तुम्ही ज्याला 'अडाणी' म्हणालात तो तुमच्या साडूच्या गावचा असतो आणि त्या कमेंटचा स्क्रीनशॉट लग्नाच्या पंगतीत फिरतो. म्हणून मी नव्या माणसाला एवढंच सांगतो, की कमेंट आपल्या जिभाऊंच्या, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, समोर मोठ्याने वाचता येईल अशी असावी. नाही वाचता आली तर टाकू नये.

त्याच बैठकीत आपल्या प्रोफाइलचंही बघून घ्या. मोबाइल नंबर, जन्मतारीख, घरच्यांचे फोटो, मुलांच्या शाळेचं नाव यांतलं काय काय सगळ्यांना दिसतंय ते तपासा. फेसबुकवर प्रोफाइल लॉक करायची सोय आहे, मुलींनी आणि बायांनी ती आधी लावावी आणि मगच वादाच्या जागी लिहावं. दुकानाच्या पेजवर नंबर ठेवावाच लागतो, तर त्या पेजच्या नावाने कोणाशी भांडू नये.

३. दोघं एकाच गोष्टीवर बोलताय का?

ही पायरी सगळ्यात कामाची आहे, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

हंगामात कापसाच्या भावाच्या कोणत्याही व्हिडिओखाली हा संवाद सापडेल. एक जण लिहितो, "कापसाला आठ हजाराच्या वर भाव आहे, उगाच रडता." दुसरा लिहितो, "आमच्या दारात साडेसहाने मागतात, खोटं बोलायला लाज वाटत नाही का?" पुढच्या वीस कमेंटमध्ये पहिला दलाल ठरतो, दुसरा अंधभक्त किंवा त्याच्या उलट काहीतरी ठरतो आणि कापूस कुठल्या कुठे राहतो.

आता नीट बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. पहिला हमीभावावर बोलतोय, दुसरा खेडा खरेदीवर. हमीभावाने घेते ती सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचं भारतीय कपास निगम, आणि तीही ओलावा बघून घेते. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर घेतच नाही. शिवाय त्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी केल्याशिवाय तिथे गाडी लावता येत नव्हती. खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येतो, ओला-सुका बघतो, जागेवर पैसे देतो आणि भाव पाडून मागतो. वेचणीची मजुरी अंगावर आलेली, घरात लग्न, अशा माणसाला त्याच्याकडेच जावं लागतं. म्हणजे दोघंही खरं बोलताहेत. एकाचं खरं कागदावरचं, एकाचं दारातलं.

हा वाद सोडवायला विद्वत्ता लागत नाही, एक प्रश्न लागतो. "दादा, हा भाव सीसीआयचा की खेडा खरेदीचा? कापसात ओलावा किती होता?" एवढं विचारलं की दहातले निदान काही जण खरंच उत्तर देतात. एखादा लिहितो की पहिल्या वेचणीचा होता, ओला होता. मग तिसरा येऊन आपल्या केंद्रावरची रांग सांगतो. भांडायला आलेली माणसं माहिती देऊ लागतात, कारण आता त्यांना कोणी खोटारडं म्हणत नाहीये.

प्रश्न खरा हवा, एवढं पथ्य पाळा. "मग तुझ्या कापसात पाणी मारलं होतं का?" हाही प्रश्नच आहे, पण तो उत्तरासाठी विचारलेला नाही.

नकाशाच्या वादातही हीच तऱ्हा असते. "खान्देश म्हणजे तीन जिल्हे" म्हणणारा आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार धरून चालतो. "दोनच" म्हणणारे आजोबा पूर्व आणि पश्चिम खान्देशाच्या हिशोबाने बोलतात, ते दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. बागलाणचा तरुण म्हणतो, "आम्ही घरात अहिराणीच बोलतो, मग आम्ही कोण?" एकाचा नकाशा आजचा, एकाचा इंग्रजांच्या वेळचा आणि तिसऱ्याचा तर नकाशाच नाही, बोलणं आहे. "तुम्ही कोणत्या सालचा खान्देश धरताय?" असं हसत विचारलं तर तिघंही थोडे सैल होतात.

४. माहितीने न मिटणारे वाद ओळखा

अहिराणी गाण्याचा व्हिडिओ असो नाहीतर विनोदी व्हिडिओ, खाली हमखास सुरू होतं: अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? मग कोणीतरी लिहितो की असल्या गाण्यांनी भाषेची लाज काढली. त्याला कोणीतरी उत्तर देतो की निदान गाण्यांमुळे पोरं बोलतात तरी. लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटील समाजाची बोली, बोलणारे येऊन सांगतात की सगळ्या खान्देशाला अहिराणी म्हणू नका.

तुमच्याकडे आकडे असतील. इंग्रजांच्या वेळच्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खान्देशी (अहिराणी तिच्यातच धरलेली) मराठीखाली नाही, भिल्ली भाषांबरोबर वेगळ्या भागात येते. २०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' हे मराठीपासून वेगळं शीर्षक आहे आणि त्याखाली साडेअठरा लाखांच्या आसपास लोक मोजलेत. दुसरीकडे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. हे सगळं तुम्ही लिहा, एकदाच लिहा आणि त्याने वाद मिटेल अशी आशा ठेवू नका. कारण "बोली" म्हणणाऱ्याला भाषाशास्त्र सांगायचं नसतं. पुण्यात शिकायला गेल्यावर आपल्या बोलण्याला हसले होते, ते त्याच्या मनात असतं, किंवा आपण मराठीपासून तुटू अशी भीती असते. "भाषा" म्हणणाऱ्याच्याही मनात तेच हसणं असतं, त्याने फक्त उलटा रस्ता धरलेला असतो.

असा वाद ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्याला विचारा, "काय कळलं तर तुमचं मत बदलेल?" उत्तर आलं तर वाद माहितीचा आहे, बोलत राहा. उत्तराऐवजी "तुले काय समजस रे भो" (तुला काय कळतं रे भाऊ) आलं तर तो आपलेपणाचा आहे, तिथे आकडे फेकून उपयोग नाही. त्यापेक्षा आपल्या आजीच्या तोंडचं एखादं वाक्य किंवा जात्यावरची ओळ तिथे लिहून ठेवा. खाली चार जण आपापल्या आजीची लिहितात. भाषेचंही त्यात जास्त भलं होतं असं माझं मत आहे.

कर्जमाफी, आरक्षण, पक्ष आणि पुढारी हे बहुतेक वेळा याच खात्यात जातात. निवडणुकीच्या दिवसांत तर तिकडे फिरकूच नये.

५. लिहायला बसल्यावर

आपल्याकडचं बोलणं मुळातच मोठ्याने आणि टोमण्याचं. "वा रे शहाण्या" हे आपण भावालाही म्हणतो आणि तोही हसतो, कारण तोंड दिसत असतं. लिहिल्यावर तेच चपराक होतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर हेच तपासलं. लिहिणाऱ्यांना खात्री असते की आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेल, प्रत्यक्षात तो त्यांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी वेळा कळतो. तेव्हा अनोळखी माणसाशी टोमणा नको. हसरा चेहरा लावून मारलेला टोमणा तर अजिबात नको, त्याने आग वाढते.

वयाचा अंदाज येत नसेल तर "दादा", "भाऊ", "ताई" चालतं. आमच्याकडे "भो" सर्रास चालतो, पण बाहेरच्याला तो एकेरी वाटू शकतो. "अहो" सोडू नका. समोरचा "अरे-तुरे"वर आला तरी तुम्ही "अहो"वरच राहा. वाचणाऱ्यांना फरक लगेच दिसतो, आणि खरं तर तुम्ही लिहिताय ते त्यांच्यासाठीच. भांडणारे दोघं, पण गप्प बसून वाचणारे कितीतरी असतात. त्यांतल्या एखाद्याला उद्या कापसाची गाडी भरायची असते.

एका कमेंटमध्ये एकच मुद्दा घ्या. समोरच्याच्या शुद्धलेखनावर बोलू नका. 'ण' आणि 'न' वरून माणसाला हिणवणं हा आपल्या भागात विशेष घाण प्रकार आहे, कारण निम्म्या लोकांच्या घरी बोलतात ते तसंच. चूक आपली निघाली तर कमेंट गुपचूप बदलू नका. फेसबुकवर बदललेली कमेंट 'संपादित' अशी दिसते आणि आधी काय लिहिलं होतं तेही उघडून बघता येतं. खाली नवी ओळ लिहा: "भाव मी लांब धाग्याचा सांगितला, त्यांचा कापूस मध्यम धाग्याचा होता." विषय संपतो.

एका माणसाला दोनदाच उत्तर द्या, हा माझा नियम. पहिल्यांदा प्रश्न किंवा माहिती, दुसऱ्यांदा खुलासा. तिसऱ्यांदा काही नवीन सांगायचं उरत नाही, उरतो तो फक्त राग. निघताना "तुमच्यासारख्यांशी कोण बोलणार" असं दार आपटून निघू नका. "मला माहीत होतं ते लिहिलं, बाकी वाचणारे ठरवतील. राम राम." एवढं पुरे. मग त्या पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन सूचना (नोटिफिकेशन) बंद करा. ही सूचना बंद केली नाही तर वरचं काहीही उपयोगाचं नाही, कारण दर पाच मिनिटांनी फोन वाजणार आणि तुम्ही परत जाणार. इनबॉक्समध्ये जाऊन "समोरासमोर बोलू" असलं काही सुरू करू नका.

दिवसभराचा ताण डोक्यात असेल तर लिहूच नका. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांची मनःस्थिती चांगली आणि वरच्या कमेंट सभ्य असताना ३५ टक्के लोकांनी वाईट कमेंट केल्या. मनःस्थिती बिघडवून वर आधीच वाईट कमेंट ठेवल्यावर हा आकडा ६८ वर गेला. माणसं बहुतेक साधीच होती. लोडशेडिंगमध्ये रात्री पाणी भरून आल्यावर पहाटे तीनला लिहिलेली कमेंट कशी असेल, ते तुम्हीच ठरवा.

६. हद्द ओलांडली तर

शिवीगाळ वेगळी आणि गुन्हा वेगळा, दोन्हींची गल्लत होते. "तुझ्यावर ६६ अ लावतो" अशी धमकी अजूनही कमेंटमध्ये दिसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. त्याला भिऊ नका.

पण बाकीचं आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, आणि जिवे मारण्याची धमकी असेल तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. बाईचा पाठलाग, मग तो ऑनलाइन का असेना, कलम ७८ मध्ये येतो, आणि तिच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द कलम ७९ मध्ये. बदनामी कलम ३५६ मध्ये आहे, पण त्यासाठी सहसा स्वतः न्यायालयात तक्रार करावी लागते, पोलीस थेट धावत येत नाहीत.

सातपुड्यातल्या होळीच्या, पावरा-भिल्ल लग्नांच्या व्हिडिओंखाली लोक जे लिहितात, त्याबद्दल स्पष्ट सांगतो. ती गंमत नव्हे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलेलंही त्यात येऊ शकतं, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. कोणी असं लिहिलं तर त्याला "लाइक" देतानाही दोनदा विचार करा.

धमकी आली तर क्रम लक्षात ठेवा, कारण घाईत लोक उलटं करतात. आधी ब्लॉक करतात आणि मग पुरावा शोधतात, तोवर त्या माणसाचं प्रोफाइलच दिसेनासं झालेलं असतं. म्हणून पहिल्यांदा स्क्रीनशॉट, त्यात तारीख, वेळ आणि वरची मूळ पोस्ट आली पाहिजे. मग त्या कमेंटची आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, नुसतं नाव पुरत नाही, एका नावाची शंभर खाती असतात. तुमची स्वतःची कमेंट काढून टाकू नका, ती गेली की तिच्याखालची धमकीही जाते. मग रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, धमकीसाठी तिथे फोन लावून वेळ घालवू नका. कोणी खरंच दारात यायच्या गोष्टी करत असेल तर ११२. मुलीला त्रास होत असेल तर घरच्यांनी तिचा फोन काढून घेऊ नये. पुरावा त्याच फोनमध्ये असतो आणि पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

७. पेज तुमचं असेल तर

गावाच्या, दुकानाच्या, मंडळाच्या पेजवर भांडण पेटलं तर ते विझवणं तुमच्याकडे येतं. नियम वर पिन करून ठेवा, तीन ओळींत: जातीवरून नाही, आई-बहिणीवरून नाही, कोणाचा नंबर-पत्ता टाकायचा नाही. यांतलं काही दिसलं की खुलासा न मागता काढा. काढायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, उद्या तोच माणूस "माझ्या पक्षाची कमेंट काढली" म्हणून बोंबलत येतो.

निव्वळ तिरकस कमेंट काढण्यापेक्षा लपवा. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही, त्यामुळे त्याला कळतही नाही आणि नवं भांडण उभं राहत नाही. यूट्यूबवर एखाद्याला चॅनेलवरून लपवता येतं, मग त्याने काहीही लिहिलं तरी ते इतरांपुढे येत नाही. कानबाईच्या मिरवणुकीचा, डीजेचा व्हिडिओ टाकत असाल तर पहिले दोन दिवस कमेंट मंजुरीवर ठेवा. कापसाच्या भावाच्या पोस्टवर उलट करा, तिथे कमेंट उघड्या ठेवा आणि पहिली कमेंट स्वतःच टाका: "भाव सांगताना केंद्र की खेडा खरेदी, धागा कोणता आणि ओलावा किती, तेही लिहा."